तिसरे दार

मराठी शाळेतले मूल सर्वांदेखत जी पहिली खूण करायला शिकते ती करंगळीची. बाईंनी मान हलवली की ते धावत सुटते आणि दोन मिनिटांत परत येऊन पाढ्यात मिसळून जाते. कोणत्या दाराने आत जायचे हा विचार त्याच्या मनात येतही नाही, कारण ते दार जन्मतःच ठरलेले असते. जन्माच्या दाखल्यावर मुलगी अशी नोंद असलेल्या पण स्वतःला मुलगा म्हणून ओळखणाऱ्या, किंवा याच्या उलट असणाऱ्या मुलाला मात्र या दोन मिनिटांची धास्ती सकाळपासून असते. अशा पारलिंगी मुलांनी शाळेत कोणते स्वच्छतागृह वापरावे यावर अमेरिकेत गेली दहा-बारा वर्षे भांडण चालू आहे. शाळा मंडळे, राज्यांची विधिमंडळे, संघीय न्यायालये आणि लागोपाठच्या राष्ट्राध्यक्षांची प्रशासने त्यात उतरली आहेत. 2016 च्या मे महिन्यात ओबामा प्रशासनाने शाळांना पत्राने कळवले की ही मुले ज्या लिंगाची म्हणून वावरतात त्याचेच स्वच्छतागृह त्यांना वापरू द्यावे; 2017 च्या फेब्रुवारीत ट्रम्प प्रशासनाने ते पत्र मागे घेतले. या गदारोळात एक तोडगा मात्र दोन्हीकडच्या भल्या माणसांना पटतो. त्या मुलासाठी वेगळी सोय करावी. एक छोटी खोली, तिची एक किल्ली, कुणालाच त्रास नको. मला हा तोडगाच चुकीचा वाटतो. तो का चुकीचा आहे आणि भारतातल्या शाळांनी तो डोळे मिटून का उचलू नये, हे मला इथे मांडायचे आहे.

व्हर्जिनिया राज्यातल्या ग्लॉस्टर काउंटीचे प्रकरण या दृष्टीने नीट पाहण्यासारखे आहे, कारण तिथे वेगळी सोय खरोखरच केली होती. गॅव्हिन ग्रिम हा विद्यार्थी जन्मनोंदीने मुलगी. 2014 मध्ये दहावीचे वर्ष सुरू होताना तो मुलगा म्हणून शाळेत येऊ लागला. नाव कायद्याने बदललेले होते, डॉक्टरांचे निदान हाती होते, आईवडील पाठीशी होते. सुरुवातीला तो परिचारिकेच्या खोलीतले स्वच्छतागृह वापरत असे. ते वर्गांपासून लांब पडे, तासाचा वेळ जाई, म्हणून त्याने मुख्याध्यापकांकडे परवानगी मागितली आणि त्यांनी त्याला मुलांचे स्वच्छतागृह वापरू दिले. सुमारे सात आठवडे तो तिथे जात राहिला आणि त्या सात आठवड्यांत तिथे काहीही अघटित घडले नाही. बाहेर मात्र बातमी पसरली, गावातल्या प्रौढांनी शाळा मंडळाकडे तक्रारी केल्या आणि मंडळाने जाहीर सभा भरवल्या. पंधरा वर्षांच्या त्या मुलाच्या लघवीची चर्चा गावाने त्याच्यासमोर केली; एका वक्त्याने तर त्याची तुलना कुत्र्याशी केली. 9 डिसेंबर 2014 रोजी मंडळाने सहा विरुद्ध एक मताने ठराव केला की मुलामुलींची स्वच्छतागृहे ‘जैविक लिंगा’नुसारच वापरली जातील आणि लिंगओळखीचा प्रश्न असलेल्या विद्यार्थ्यांना पर्यायी खाजगी सोय दिली जाईल. शाळेने एकट्याने वापरण्याची तीन स्वच्छतागृहे तयार केली आणि सामाईक स्वच्छतागृहांतले आडोसेही उंच केले. मंडळाच्या दृष्टीने प्रश्न मिटला.

त्या मुलाच्या दृष्टीने तो इथे सुरू झाला. ती तीन स्वच्छतागृहे कुणीही वापरावीत अशी होती, पण ती कुणासाठी आणि का झाली हे शाळेतल्या प्रत्येकाला माहीत होते. तिकडे वळणारे पाऊल म्हणजे रोजची जाहीर कबुली. त्यामुळे तो दिवसभर लघवी रोखून धरू लागला, त्यातून त्याला मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झाला, आणि पुढच्या वर्षी मानसिक त्रासामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले. खोली स्वच्छ होती, दाराला कडी होती, पाणी होते. एक मूल बाकीच्यांपासून वेगळे काढण्याच्या लायकीचे आहे, हे सांगण्याचे कामही तीच खोली करत होती. जून 2015 मध्ये दाखल झालेला त्याचा दावा खालीवर फिरत राहिला, सर्वोच्च न्यायालयाने तो सुनावणीला घेऊन पुन्हा परत पाठवला, आणि 26 ऑगस्ट 2020 रोजी चौथ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने निकाल दिला की मंडळाच्या धोरणाने समान संरक्षणाच्या घटनात्मक हमीचा आणि शिक्षणातला लिंगभेद रोखणाऱ्या 1972 च्या ‘टायटल नाइन’ कायद्याचाही भंग झाला. 28 जून 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

याच ग्लॉस्टर काउंटीतून 1944 मध्ये आयरीन मॉर्गन ही कृष्णवर्णीय स्त्री बसमध्ये चढली होती, आणि गोऱ्या प्रवाशांसाठी जागा सोडायला नकार दिल्यामुळे तिला पुढच्या काउंटीत अटक झाली. बसमध्ये असाच नकार देणाऱ्या रोझा पार्क्सच्या अकरा वर्षे आधीची ही गोष्ट. तिच्या खटल्यात 1946 साली सर्वोच्च न्यायालयाने आंतरराज्य बसप्रवासातले वंशवार विभाजन रद्दबातल ठरवले. तिलाही बसमध्ये जागा नाकारली नव्हती. मागची जागा दिली होती. वेगळ्या सोयीचा हा युक्तिवाद मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या आंबेडकरांना तहान लागली तर नळाला हात लावण्याची मुभा नव्हती; शिपाई येऊन नळ सोडेल तेव्हाच पाणी. शाळेतून त्यांना काढले नव्हते. बसायला गोणपाट होते, नळ सोडायला शिपाई होता, म्हणजे सोय होती. जातीच्या हजारो वर्षांच्या अन्यायाची आणि या मुलांच्या कुचंबणेची बरोबरी मी करत नाही. दोन्हींचा आवाका, इतिहास, हिंसा वेगळी आहे. पण ‘सोय तर केली आहे ना’ या उत्तरामागची तऱ्हा तीच आहे. शरीराची अगदी साधी गरज इतरांसारखी आणि इतरांबरोबर भागवू न देता ती बाजूला नेऊन भागवायला लावायची, आणि त्यालाच औदार्य म्हणायचे.

लघवी रोखून धरणे ही फुटकळ गैरसोय आहे असे ज्यांना वाटते त्यांनी घरातल्या बायकांना विचारावे. प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी न पिणे, कामाच्या ठिकाणी संध्याकाळपर्यंत कळ काढणे, हे भारतीय स्त्रीच्या शरीराला पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले आहे. मुंबईत 2011 पासून चाललेल्या ‘राइट टू पी’ मोहिमेने हीच कुजबुज महापालिकेच्या दारात नेऊन ठेवली. पारलिंगी माणसांचे आकडे वाचताना हीच ओळखीची कहाणी पुन्हा भेटते. 2015 च्या अमेरिकी पारलिंगी सर्वेक्षणात 27,715 प्रौढांनी उत्तरे दिली. त्यांपैकी 59 टक्के लोकांनी मागच्या वर्षभरात कधी ना कधी सार्वजनिक स्वच्छतागृह टाळले होते, 32 टक्के लोकांनी तिथे जावे लागू नये म्हणून खाणेपिणे कमी केले होते, आणि 8 टक्के लोकांना त्यापायी मूत्रमार्गाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास झाला होता. मुलांविषयीचा पुरावा याहून अस्वस्थ करणारा आहे. ‘पीडियाट्रिक्स’ या बालरोगविषयक नियतकालिकात 2019 मध्ये आलेल्या अभ्यासात 3,673 पारलिंगी आणि तत्सम किशोरवयीनांचा समावेश होता. त्यांच्यातल्या चारांत एकाहून किंचित अधिक मुलांवर मागच्या वर्षभरात लैंगिक अत्याचार झाला होता, आणि ज्या मुलांना आपल्या ओळखीनुसार स्वच्छतागृह व कपडे बदलण्याची खोली वापरण्यास मनाई होती त्यांच्यात हे प्रमाण अधिक होते. मुली म्हणून जगणाऱ्या पारलिंगी मुलांच्या बाबतीत धोका जवळजवळ अडीच पट निघाला. मनाईमुळेच अत्याचार झाले असे या अभ्यासातून सिद्ध होत नाही. मनाई करणारी शाळा इतरही बाबतींत क्रूर असू शकते. पण स्वच्छतागृहात धोक्यात कोण असते, हा प्रश्न तो आपल्यापुढे सरळ ठेवतो.

आक्षेप घेणाऱ्यांना केवळ पूर्वग्रहदूषित म्हणून झटकून टाकणे मला मान्य नाही. मुलींची वेगळी स्वच्छतागृहे ही भारतात अलीकडेच आणि झगडून मिळालेली गोष्ट आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत ती लिहिली गेली, 2012 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला शाळांना मुदत घालून द्यावी लागली, तेव्हा कुठे अनेक गावांत भिंती उभ्या राहिल्या. वयात आलेली मुलगी त्या भिंतींना जिवापाड जपत असेल तर तिच्या संकोचाला मान दिलाच पाहिजे. अमेरिकेतल्या अकराव्या सर्किट न्यायालयाने 30 डिसेंबर 2022 रोजी फ्लोरिडातल्या ड्रू ॲडम्स या पारलिंगी विद्यार्थ्याच्या प्रकरणात सात विरुद्ध चार मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला तो प्रामुख्याने याच खाजगीपणाच्या मुद्द्यावर, आणि टायटल नाइनचे नियम लिंगनिहाय वेगळ्या स्वच्छतागृहांना परवानगी देतात या आधारावर. ती परवानगी नियमांत आहे हे खरेच. पण वेगळी स्वच्छतागृहे असावीत यावर ॲडम्स किंवा ग्रिम यांचा आक्षेपच नव्हता. त्या दोनांपैकी आपले कोणते, एवढाच त्यांचा प्रश्न होता. खाजगीपणाचे म्हणायचे तर तो भिंतीने आणि कडीने मिळतो, शेजारच्या मुलाचा जन्मदाखला तपासून मिळत नाही. मुलींच्या स्वच्छतागृहात प्रत्येक जणी बंद दाराआड बसते. मुलांकडच्या मुतारीत आडोसा नसतो, आणि तो नसणे सगळ्याच मुलांवर अन्याय करणारे आहे. कितीतरी लाजाळू, लठ्ठ किंवा आजारी मुले तिथे जायचे टाळतात.

अवघडलेपणाचा भार कुणी उचलायचा, हा खरा प्रश्न आहे. पेन्सिल्व्हेनियातल्या बॉयरटाउनच्या शाळेने पारलिंगी विद्यार्थ्यांना त्यांच्या ओळखीनुसार जाऊ दिले आणि ज्याला कुणाला अवघड वाटेल त्याच्यासाठी एकट्याने वापरण्याची स्वच्छतागृहे उपलब्ध ठेवली. काही विद्यार्थ्यांनी खाजगीपणाचा भंग झाल्याचा दावा केला. तिसऱ्या सर्किट न्यायालयाने 2018 मध्ये तो मान्य केला नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात लक्ष घातले नाही. खोली तीच, कडीही तीच. ग्लॉस्टरमध्ये एका मुलाला तिथे पाठवले गेले. बॉयरटाउनमध्ये ती हव्या त्या प्रत्येकाला खुली राहिली. ज्याला आडोसा हवा आहे त्याने तो निवडणे आणि ज्याच्याकडे बघून इतरांना कसेसे होते त्याला आडोशाला घालवणे, यांत मला तरी जमीनअस्मानाचा फरक दिसतो.

मग सुरक्षिततेचे काय? कुणीही मुलगा ‘मी मुलगी आहे’ म्हणत आत शिरेल, ही भीती दर चर्चेत येते. मॅसॅच्युसेट्समध्ये काही गावांनी पारलिंगी व्यक्तींना सार्वजनिक सोयी खुल्या करणारे नियम केले होते, काहींनी नव्हते. अशा गावांतल्या पोलीस नोंदींची तुलना करणारा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. नियम केल्यामुळे स्वच्छतागृहांतले गुन्हे वाढल्याचे त्यात आढळले नाही. याविरुद्ध नेहमी सांगितली जाणारी घटना व्हर्जिनियाच्याच लाउडन काउंटीतली आहे आणि ती भयंकर आहे. मे 2021 मध्ये तिथल्या एका शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहात एका मुलाने मुलीवर लैंगिक अत्याचार केला. त्याला दुसऱ्या शाळेत हलवले गेले आणि तिथेही ऑक्टोबरमध्ये त्याने आणखी एका मुलीवर लैंगिक हल्ला केला. पण पारलिंगी विद्यार्थ्यांना ओळखीनुसार स्वच्छतागृह खुले करणारे धोरण त्या काउंटीने स्वीकारले ते ऑगस्टमध्ये, पहिल्या अत्याचारानंतर. डिसेंबर 2022 मध्ये विशेष ग्रँड ज्युरीने अहवाल दिला तो शाळा प्रशासनाच्या बेफिकिरीवर बोट ठेवणारा होता, आणि शिक्षण अधीक्षकांना पद सोडावे लागले. अत्याचारी मुलाला दारावरची पाटी अडवत नाही. त्याला अडवतात ते तक्रार ऐकून घेणारे शिक्षक आणि ती दडपून न ठेवणारे मुख्याध्यापक. शिवाय शाळा म्हणजे बसस्थानक नव्हे. तिथे प्रत्येक मूल नावानिशी ओळखीचे असते. कोण वर्षभर मुलगी म्हणून जगते आहे आणि कोण आज टवाळीला आले आहे, हे वर्गशिक्षकाला समजते.

‘वयच अडनिडे आहे, उद्या मन बदलले तर?’ हा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तो बहुधा आईबापांच्या तोंडून येतो. मन बदलू शकते, हे नाकारण्याचे कारण नाही. औषधोपचार आणि शस्त्रक्रिया यांच्याबाबत म्हणूनच सावधपणे, वयाचा आणि पुराव्याचा विचार करून बोलावे लागते, आणि तो वाद वेगळा आहे. तो इथे आणून मिसळला की स्वच्छतागृहाचा साधा प्रश्नही भयानक वाटू लागतो. मुलाच्या आयुष्यातला सर्वांत सहज मागे घेता येणारा निर्णय कोणता असेल तर तो कोणत्या दाराने आत जायचे हा. पुढच्या वर्षी मूल म्हणाले की माझे चुकले होते, तर ते पलीकडच्या दाराने जाईल. शरीरावर त्याची कोणतीही खूण उरत नाही. उलट रोज रोखून धरलेली लघवी आणि रोज गिळलेला अपमान यांच्या खुणा मात्र राहतात.

भारताकडे वळताना आधी आपल्या शब्दाकडे पाहावे लागते. मराठीत आपण सरसकट ‘तृतीयपंथी’ म्हणतो. हा शब्द उच्चारताच तिसऱ्या दाराची कल्पना आपोआप डोळ्यांपुढे उभी राहते. 15 एप्रिल 2014 च्या ‘नालसा’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिसऱ्या लिंगाला मान्यता दिली, आणि त्याच निकालात आपण पुरुष, स्त्री की तृतीयलिंगी हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला असल्याचेही सांगितले. यातला पहिला भाग लोकांच्या लक्षात राहिला, दुसरा विसरला गेला. स्वतंत्र सार्वजनिक शौचालये बांधण्याचा निर्देशही त्याच निकालात आहे आणि हिजडा समाजातल्या ज्या प्रौढांना ती हवी आहेत त्यांच्यासाठी तो मोलाचा आहे. पण आठवीतली जी पारलिंगी मुलगी स्वतःला फक्त मुलगी समजते, तिला तिसऱ्या पाटीखाली पाठवणे म्हणजे निकालाच्या एका भागाने दुसरा पुसणे. याबाबत ग्रामीण स्वच्छ भारत अभियानाची 2017 ची मार्गदर्शक सूचना अधिक शहाणी होती: पारलिंगी व्यक्तीला पुरुषांचे किंवा स्त्रियांचे, तिच्या पसंतीचे शौचालय वापरू द्यावे, असे तिच्यात म्हटले होते. 2019 च्या पारलिंगी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याने शिक्षणसंस्थांत भेदभावाला मनाई केली, पण करंगळी वर केलेल्या मुलाने वर्गाबाहेर पडून कुठे वळायचे ते सांगितले नाही. एनसीईआरटीने 2021 मध्ये शिक्षकांसाठी पारलिंगी मुलांविषयी पुस्तिका काढली, तीत सर्वांना वापरता येतील अशा स्वच्छतागृहांची सूचना होती. बालहक्क आयोगाने आक्षेप घेतला आणि काही दिवसांतच पुस्तिका संकेतस्थळावरून नाहीशी झाली. 2011 च्या जनगणनेत स्त्री वा पुरुष याऐवजी ‘इतर’ रकान्यात 4,87,803 माणसे नोंदली गेली, त्यांत सहा वर्षांपर्यंतची जवळपास 55,000 बालके होती. त्या रकान्यातले साक्षरतेचे प्रमाण 56 टक्के होते, देशाची सरासरी तेव्हा 73 टक्क्यांच्या आसपास होती. ही मुले शाळेत टिकत नाहीत याची कारणे अनेक आहेत, त्यांत घर सोडावे लागणे हे मोठे. पण शाळेच्या आवारात दिवसातून तीनदा होणारी परीक्षाही त्यांतले एक आहे, आणि ते दूर करणे शाळेच्या हातात आहे.

अनेक शाळांत नळाला पाणी नाही, तिथे हे लाड कशाला, असे कुणी म्हणेल. मला वाटते, अजून बरेच बांधायचे आहे म्हणूनच आता विचार करायला हवा. इंग्लंडच्या 2012 च्या शाळा-इमारत नियमांत आठ वर्षे व त्यावरील मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे सक्तीची आहेत, पण आतून कडी लावून एका वेळी एकानेच वापरायची खोली असेल तर ही सक्ती नाही. सामाईक मुतारीऐवजी अशा बंद खोल्यांची रांग बांधली, हात धुण्याची जागा उघड्यावर सर्वांच्या नजरेत ठेवली, तर पारलिंगी मुलाला काही जाहीर करावे लागत नाही, पाळी आलेल्या मुलीला आडोसा मिळतो, कुबड्या घेऊन चालणाऱ्याला सोबत कुणाला तरी नेता येते, आणि लाजाळू मुलाची सुटका होते. जिथे जुनी इमारत आहे आणि दोनच दारे आहेत, तिथे मुलाला आणि त्याच्या पालकांना विचारून, ते सांगतील त्या दाराने जाऊ द्यावे. गावाला त्याची सभा भरवण्याची गरज नाही.

ग्लॉस्टरच्या शाळा मंडळाने ऑगस्ट 2021 मध्ये खटल्याच्या खर्चापोटी तेरा लाख डॉलर देण्याचे मान्य केले. ग्रिम त्याआधी चार वर्षे, जून 2017 मध्ये, त्या शाळेतून उत्तीर्ण होऊन बाहेर पडला होता. शेवटच्या दिवसापर्यंत मुलांचे स्वच्छतागृह त्याला बंदच होते. आपल्याकडे प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात बहुसंख्य पालकच असतात. त्या समितीत तुम्ही असाल, तर पुढच्या बैठकीआधी शाळेच्या स्वच्छतागृहांत एक फेरी मारा, प्रत्येक दाराला आतून कडी आहे का ते हाताने लावून बघा, आणि नसेल तिथे त्याच आठवड्यात बसवून घ्या.